पाण्यात पाहणाऱ्या वन्सं

नणंद-भावजया एकमेकींना पाण्यात पाहतात असं म्हणतात. आमच्या घरात यातलं निम्मं तरी अक्षरशः खरं होतं. वन्सं पाण्यात पाहायच्या. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, मधली अर्ध्या तासाची सुट्टी सोडली तर त्या दुसरं काहीही करत नसत, आणि हे त्यांनी एकतीस वर्षं केलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात होत्याच, आणि कुठे जाणारही नव्हत्या. त्यांचं लग्न का झालं नाही हे पहिल्या वर्षी मला चार जणींनी चार तऱ्हांनी सांगितलं. शेवटी मी त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "राहिलं." एखादं पातेलं घासायचं राहावं तसं. मी पुन्हा विचारलं नाही. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, डोळे बारीक करून बघण्याची सवय असलेल्या. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, पदवी भौतिकशास्त्राची, म्हणून त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात 'मास्तरीणबाई' केलं. नवऱ्याला बहीण-बायकोच्या मध्ये पडायची हौस नव्हती. हे पेपर वाचायचे.

कारखाना दाराच्या मुठींचा. घरापासून दोन गल्ल्या पलीकडे पत्र्याची लांबलचक शेड. पितळेची मूठ ओतायची, चाकावर घासायची, तिच्यावर निकेल चढवायचं आणि खोक्यात भरायची. घासण्याच्या चाकाला मेणचट लेप लावतात. त्याने पितळ चकचकीत होतं, पण तो मेणचटपणा मुठीला धरून राहतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यावर निकेल चढवलं तर मूठ दिसायला फार देखणी दिसते आणि पुढे पापुद्रे सुटतात. म्हणून आधी गरम खाराच्या हौदात मुठी बुडवून तेलकटपणा काढायचा, दोन पाण्यांत खळबळायच्या, आणि मग त्या वन्संच्या टबाशी यायच्या.

टब लहानच होता, बाळाला अंघोळ घालायला लागतो तेवढा. त्यात स्वच्छ पाणी. वन्सं खिडकीकडे पाठ करून उभ्या राहायच्या, रबरी हातमोजे घालून दोन हातांत दोन मुठी बुडवायच्या, वर काढून डोळ्यांच्या उंचीवर तिरप्या धरायच्या आणि बघत राहायच्या. मूठ खरोखर स्वच्छ असेल तर पाण्याचा पातळ पदर तिच्यावर अखंड राहतो, काचेसारखा, आणि हळूहळू ओघळून जातो. कुठे बोटाच्या ठशाएवढा जरी तेलकटपणा असेल तर पदर तिथे फाटतो. फाटतो म्हणजे कडा मागे सरकतात, मधे कोरडं बेट उघडं पडतं आणि भोवती थेंब जमतात. ती मूठ डाव्या जाळीत, परत खारात. अखंड राहिली ती उजव्या जाळीत, निकेलकडे. शंभरातल्या दोन-तीन डावीकडे जायच्या, बाकीच्या उजवीकडे.

किती वेळ बघायचं याचं माप त्यांना निकेलकाका नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने दिलं होतं. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. त्याने सांगितलं, मूठ वर काढली की सतराचा पाढा म्हणायचा, सावकाश, मनातल्या मनात. सतरा दाहे एकशे सत्तर होईपर्यंत पदर टिकला तर मूठ पास. मी नंतर घड्याळ लावून पाहिलं, बरोबर तीस सेकंद. परदेशी छापलेल्या कामगार-पुस्तिकांतही साधारण तेवढाच वेळ देतात. वन्सं गणितात नापास झाल्या म्हणून शाळा सुटली होती, आणि उरलेला जन्म सतराचा पाढा म्हणण्यात गेला. हे मी एकदा बोलून दाखवलं. "तुझ्या वर्गातल्या पोरांना येतो का गं सतराचा?" त्या म्हणाल्या. येत नव्हता.

आता यामागचं शास्त्र. मी ते वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं आणि मुलांनी ते वर्षानुवर्षं पाठ केलं, त्यामुळे कोणाला कळलं असेल याची मला खात्री नाही. पाण्याचे कण एकमेकांना ओढून धरतात. आतल्या कणाला सगळीकडून सारखी ओढ, म्हणून तो निवांत. पृष्ठभागावरच्या कणाला वरून ओढणारं कोणी नाही. त्याला आतलीच ओढ. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग नेहमी आक्रसायला बघतो, ताणलेल्या कातड्यासारखा. याला म्हणायचं पृष्ठताण. थेंब गोल असतो तो याच्यामुळे, डासासारखे किडे पाण्यावर उभे राहतात ते याच्यामुळे, आणि अळवावरचं पाणी पानाला न भिजवता घरंगळतं ते पानाची ओढ पाण्याच्या आपसातल्या ओढीपेक्षा कमी पडते म्हणून. स्वच्छ पितळ पाण्याला स्वतःकडे ओढतं, म्हणून पदर पसरतो. तेलकट पितळ ओढत नाही, म्हणून पाणी स्वतःतच गोळा होतं. साबण टाकला की पाण्याची आपसातली ओढच निम्म्याहून कमी होते, मग ते तेलकट-बिलकट न बघता कुठेही पसरतं. कपडे धुतले जातात ते यावर. रंग भिंतीवर एकसारखा बसतो की मधेमधे डोळ्यांसारखी उघडी भोकं सोडतो, प्लॅस्टिकच्या पिशवीवरची शाई धरते की पुसली जाते, फवारलेलं औषध पानावर राहतं की खाली गळतं, तारेच्या जोडावर कथील पसरतं की गोळी होऊन बसतं, हा सगळा याच एका ओढीचा कारभार. फार लवकर जन्मलेल्या बाळाला श्वास घेता येत नाही, कारण फुफ्फुसातल्या ओलाव्याचा ताण कमी करणारा पदार्थ त्याच्यात अजून तयार झालेला नसतो. हे मी शिकवायचे तेव्हा मागच्या बाकावर मुलं झोपायची.

वन्संनी हे सगळं एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पाण्याचा ताठा."

मला तो शब्द पुस्तकातल्या शब्दापेक्षा बरा वाटला. अर्थात मी तसं म्हटलं नाही.

तर हातमोजे. वन्सं ते रोज घरी आणायच्या, कारण कारखान्यात ठेवले तर कोणीतरी घालून फाडतो. घरी आल्या की न्हाणीघरातल्या खुंटीला अडकवायच्या. रबर, खार आणि दिवसभराचा घाम मिळून जो वास सुटायचा त्याला मी पंचवीस वर्षं नाक मुरडलं. पंचविसाव्या वर्षानंतर कधीतरी मी जाहीर केलं, एकतर हे मोजे धुवा नाहीतर घराबाहेर ठेवा. वन्सं धुवायला लागल्या. भांड्यांचा साबण घालून, आतून-बाहेरून, आणि मग वाहत्या नळाखाली इतका वेळ की माझा संध्याकाळचा स्वयंपाक खोळंबायचा. मी दारावर थाप मारून म्हणायचे, "अहो, दोन मोजे आहेत! हत्ती धुताय का?" मग नळ बंद व्हायचा. मोजे दोरीवर, अंगठे वर करून.

याला तीन-चार आठवडे झाले असतील. एका बुधवारी वन्सं घरी आल्या, चपला काढल्या आणि स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसल्या. मोजे अजून हातात.

"सोमवारपासून मी पॅकिंगला," त्या म्हणाल्या.

हे पेपरामागून म्हणाले, "बरंय की. बसून काम. पाय तरी दुखणार नाहीत तुझे."

"तू पेपर वाच. तुला बसून कधी काही दुखलंय?"

झालं होतं असं. माल गोदामातून बाहेर पाठवण्याआधी दहा मुठी भट्टीत तापवून गार पाण्यात टाकतात. निकेल नीट धरलेलं नसेल तर फोड येतात. यावेळी दहातल्या चार मुठींना फोड आले. साहेबांनी आणखी दहा टाकायला लावल्या, पाच गेल्या. तीन आठवड्यांचा माल गोदामात अडकला. खाराचा हौद तपासला, निकेलचा तपासला, सगळं ठीक. उरल्या वन्सं. साहेबांनी त्यांना बोलावून फार गोड शब्दांत सांगितलं की बाई, माणसाचं वय होतं, डोळ्यांना आराम द्या.

"डोळे तपासलेत का?" मी विचारलं.

"आजच, जेवणाच्या सुट्टीत. डॉक्टर म्हणाला, सुईत दोरा ओवता येतो का? मी म्हटलं, येतो, आणि तुमच्या कोटाचं खालून दुसरं बटण लोंबतंय तेही दिसतं."

"मग?"

"मग काय? साहेब म्हणाले, कागदावर सगळं ठीकच असतं."

वन्सं चोपन्न वर्षांच्या होत्या. सत्तावीस वर्षं त्या एका टबापाशी उभ्या होत्या. पॅकिंगच्या टेबलाशी खोक्यात मुठी भरायच्या, वर कागद ठेवायचा, झाकण लावायचं. पगार तोच. त्यांना तिथे बसायचं नव्हतं, आणि त्या हे बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. हातातले मोजे त्या पिळत होत्या, कोरडे असूनही.

मी शिक्षिका, मला दुःखापेक्षा कारण लवकर दिसतं. "गेल्या तीन आठवड्यांत डाव्या जाळीत किती गेल्या?"

त्यांनी मोजे पिळायचे थांबवले. "एकही नाही."

"एकही नाही? शंभरात दोन-तीन जायच्या ना? आणि तुम्हाला वाटलं नाही, कुठेतरी पाणी मुरतंय म्हणून?"

"वाटलं." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पण साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, बघा, बाईंकडून एक मूठ परत गेलेली नाही. सत्तावीस वर्षांत तिथे मला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं, वाईटही नाही. मी म्हटलं, नवीन खार चांगला असेल. ऐकायला बरं वाटलं, मास्तरीणबाई. दुसरं काय."

मी ओरडणार होते, पण थांबले. वर्गात शंभरपैकी शंभर मिळालेल्या मुलाने कधी बाईंना सांगितलंय की माझं उत्तर चुकलंय?

"पदर तुटत नव्हता?"

"नव्हता. उलट लोळत होता. ताठा गेल्यासारखा. सतरा दाहे होऊन जायचं तरी ओघळायची घाई नाही."

"उद्या मला दोन बाटल्या आणा. एक सकाळची, टब भरल्यावर पहिली मूठ बुडवायच्या आधी. एक पाच वाजताची."

"पाणी काय प्यायचंय तुला?"

"आणा म्हटलं ना."

गुरुवारी साडेपाचला स्वयंपाकघरातल्या टेबलावर उन्हाची तिरीप होती. मी तीन वाट्या मांडल्या. एकीत आमच्या नळाचं पाणी, एकीत सकाळची बाटली, एकीत संध्याकाळची. शिवणाच्या डब्यातून सुई काढली. हा प्रयोग मी दरवर्षी आठवीला करून दाखवायचे. पाण्यावर टीपकागदाचा तुकडा ठेवायचा, त्यावर सुई, कागद भिजून बुडतो आणि सुई तरंगत राहते. सुई पाण्यापेक्षा जड, तरी तो ताणलेला पृष्ठभाग तिला पेलतो. मी कागद कापत होते तेवढ्यात वन्संनी चिमटीत सुई धरली आणि नळाच्या पाण्यावर आडवी टेकवली. राहिली.

"कागद कशाला लागतो तुम्हा शिकलेल्यांना?" त्या म्हणाल्या.

सकाळच्या पाण्यावर ठेवली. राहिली. सुईच्या दोन्ही बाजूंनी पाणी किंचित खाली वाकलेलं दिसत होतं.

संध्याकाळच्या पाण्यावर ठेवली. सरळ तळाला. पुसून पुन्हा ठेवली, पुन्हा तळाला. मी कागदावरून ठेवून पाहिली, कागदाच्या आधी सुई गेली.

हे उठून बघायला आले. घरात ही घटना क्वचित घडायची.

"साबण," मी म्हटलं. "अगदी थोडा, फेससुद्धा येणार नाही इतका. टबात साबण आला की पाणी तेलकट मुठीवरही पसरणार. तुमच्यासमोर वाईट मूठ आली तरी पदर अखंडच दिसणार. वर तो साबण चांगल्या मुठींनाही धरून निकेलखाली गेला, म्हणून एवढे फोड. डोळे ठीक आहेत तुमचे. पाण्याने फसवलं."

"माझ्या टबात कोण साबण टाकेल? माझ्या टबात कोणी बोट बुडवलं तर मी बोट परत देत नाही."

"सकाळी नाही आणि संध्याकाळी आहे. म्हणजे दिवसभरात जे बुडतं त्याच्यातून आला. काय बुडतं?"

"मुठी. दोन पाण्यांतून आलेल्या. आणि..."

टेबलासमोरच्या खिडकीतून मागची दोरी दिसते. त्या घरी आल्या आल्या धुतलेले मोजे तिथे वाळत होते. पिवळे, दोन, अंगठे वर. मी पाहिलं तेव्हा वन्सं आधीच तिकडे बघत होत्या.

मीच उठून एक मोजा काढून आणला. सकाळच्या पाण्यावर सुई पुन्हा ठेवली, ती तरंगायला लागली, आणि मी मोज्याचं एक बोट वाटीच्या कडेला बुडवलं. सुई दचकल्यासारखी दुसऱ्या कडेला पळाली आणि बुडाली.

मग वन्संनी माझाच आवाज काढला, अगदी हुबेहूब, दारावरच्या थापेसकट, टेबलावर: "अहो, दोन मोजे आहेत! हत्ती धुताय का?"

हे हसले. मी नाही हसले. सत्तावीस वर्षं नुसत्या पाण्यात पाहणाऱ्या बाईला मी साबण पुरता खळबळून काढू दिला नव्हता, आणि पृष्ठताण शिकवण्याचा पगार मी घेत होते.

"उद्या मी येते," मी म्हटलं. "साहेबांना मी समजावून सांगते."

"तू कशाला? शाळा आहे का ती?"

"निदान लिहून देते." दिलं लिहून, एक पानभर, आकृतीसह. शुक्रवारी सकाळी तो कागद टेबलावर चहाच्या कपाखाली होता. वन्सं दोन बाटल्या, एक मोजा आणि सुई घेऊन गेल्या होत्या.

त्या दिवशी मला वर्गात काही सुधरलं नाही. दोनदा फळ्यावर चुकीचं लिहिलं. पाच वाजले, सव्वापाच झाले. साडेपाचला वन्सं आल्या, चपला काढल्या, स्टुलावर बसल्या.

"काय झालं?"

"चहा टाक."

"वन्सं!"

"सांगते गं. साहेबांच्या टेबलावर त्यांचा पाण्याचा पेला होता. मी त्यातच सुई ठेवली. म्हणाले, बाई, हे काय चालवलंय? मी म्हटलं, बघा. राहिली. मग मोजा बुडवला. गेली. ते म्हणाले, पुन्हा करा. तीन वेळा करायला लावलं, तीन पेले मागवले. मग म्हणाले, हा साबण आला कुठून? मी म्हटलं, माझ्या मोज्यांतून. घरी धुते."

"मग?"

"म्हणाले, म्हणजे चूक तुमचीच. म्हटलं, चूक माझीच. पण ती हातांची. डोळ्यांवर ढकलू नका."

"असं म्हणालात? साहेबांना?"

"मग कोणाला म्हणू, पेल्याला? तर त्यांनी बुडालेली सुई पेल्यातून बाहेर काढली. मग म्हणाले, गोदामातल्या सगळ्या मुठींचं निकेल उतरवायचं, पुन्हा खारात घालायच्या, आणि बघायच्या तुम्हीच. सोमवारी टबाशी या. मोजे इथेच, कुलपात. आणि रोज सकाळी आधी सुई."

मी चहा टाकला. पाणी उकळेपर्यंत थांबले, मग विचारलं, "मी घाई केली म्हणून नीट खळबळले गेले नाहीत, ते सांगितलंत?"

"वेडी आहेस का?"

"का? खरं आहे ते."

"सत्तावीस वर्षं तिथे माझा शब्द चालतो," वन्सं म्हणाल्या. "आणि घरी ही बाई भावजयीच्या धाकाने मोजे धुते, हे कळलं तर उद्यापासून मला कोण विचारेल?"

त्या आणखी चार वर्षं टबाशी उभ्या होत्या. डाव्या जाळीत पुन्हा शंभरामागे दोन-तीन जायला लागल्या. साहेबांनी त्यानंतर चांगलं-वाईट काहीच म्हटलं नाही, आणि वन्संना ते मानवलं. मोजे कारखान्यातल्या कुलपात गेल्यामुळे न्हाणीघरातला वासही गेला. म्हणजे जे मला पंचवीस वर्षं हवं होतं ते झालं, पण हे मी त्यांच्यापाशी कधी काढलं नाही.